अडीच मिलिमीटर

टेबलावर तीन जाडीचे राखाडी पुठ्ठे:
दोन, अडीच, तीन.
हार्म टिलेमा बोट ठेवतो तिनावर.
"उभं राहिलं पाहिजे पुस्तक," म्हणतो,
"कुणाचा टेकू न घेता."

एकतीस वर्षं यानं कालव्याची दारं उघडली, मिटली,
रोज सकाळी सहाला पाण्याची पातळी लिहिली
शाळेच्या वह्यांत, निळ्या शाईनं.
कालवा गोठला त्या दिवशी फक्त एक आडवी रेघ.
त्या वह्या मी उसवून पुन्हा एकत्र शिवल्या आहेत,
अंगठ्याएवढा जाड गठ्ठा,
दोन विटांखाली निवांत.

मी पुठ्ठा उचलते. उभ्या बाजू धरून वाकवते,
मुकाट वाकतो.
वरखाली धरून वाकवते,
हट्टाला पेटतो.
पुठ्ठ्यालाही कल असतो, हार्म,
तो कण्याच्या रोखानं नसला
तर खळीतलं पाणी पिऊन पुस्तक
मार्चपर्यंत होडी होतं.

"होड्या पुष्कळ सोडल्या," हार्म म्हणतो. "ही नको."

मग कड नखानं खरवडायची, पापुद्रा सुटतो का.
मग टिचकी.
वाईट पुठ्ठा खोक्यासारखा बडबडतो.
चांगला जवळजवळ काहीच बोलत नाही.
आणि तीन मिलिमीटर या गठ्ठ्यावर?
धाकट्याच्या अंगात थोरल्याचा कोट.

हा राखाडी रंग कुणी दिलेला नाही.
जुनी वर्तमानपत्रं, करखात्याची पत्रं,
गेल्या साली बदललेली बसची वेळापत्रकं,
सगळ्यांची शाई एका हौदात विरघळली
की हा रंग आपोआप होतो.
मध्येच लाल ठिपका, मध्येच निळं कूस.
एकदा तर कापलेल्या कडेशी
अख्खं अक्षर सापडलं होतं, पोटाशेपटीसकट.
कुठल्या शब्दातलं, कोण सांगणार.
त्यावर कापड चढवलं.

तेव्हा हार्म पिशवीतून टॉवेल काढतो,
टॉवेलातून दोन पिवळे तक्ते.
काडाचा पुठ्ठा. पेकेलातला,
त्याचे वडील ज्या यंत्रावर उभे असत
त्या यंत्राचा.
आमच्या आईला अजून आठवतं,
गहू निघाला की होड्या भरभरून काड यायचं,
कालव्यावर साबणासारखा फेस,
आणि सगळ्या गावाला तो वास,
ज्याला नाक मुरडायची सोय नव्हती
कारण पगारालाही तोच वास होता.

"हे लाव," हार्म म्हणतो.

मी कोपरा चिमटीत धरते.
बिस्किटासारखा तुटतो.
सांगावं लागतं: यात आम्ल मुरलंय.
शाई राहील तुझी,
पण तिच्याखालचा कागद तपकिरी होत होत
एक दिवस असाच, चिमटीत.

"किती वर्षांत?"
वीस. फार तर तीस.
"मी एक्क्याऐंशीचा आहे."

बाहेर बीटाचा ट्रक गेला,
खिडकीची काच थरथरली, थांबली.
पुस्तक नाहीये ना एक्क्याऐंशीचं, मी म्हणाले,
आणि लगेच वाटलं, जरा जास्तच बोललो आपण.

तो टॉवेलाची घडी घालत राहिला.
चार पदरी, मग आठ.
मग तिनावरचं बोट न बोलता
एक घर मागे आलं.

पिवळा तक्ता मी सुरीखाली घेतला,
टेबल वाचवायला काहीतरी लागतंच.
वर राखाडी, त्यावर पोलादी पट्टी.
पहिल्या ओढीला नुसती रेघ,
दुसऱ्या ओढीला खाच,
तिसऱ्या ओढीला सुरी आरपार,
खालच्या काडात.

काहीतरी वर आलं, अगदी पुसट,
मळणीनंतरच्या खळ्यासारखं.
हार्मनं मान उचलली.
उठला,
आणि सवयीनं
खिडकी लावून घेतली.